रंग हाताला कळू देत: अंगणवाडीतल्या प्रकल्पाच्या नोंदी

प्रकल्प: खेळातून रंगओळख
ठिकाण: सांगली जिल्हा, कृष्णाकाठच्या एका गावातली अंगणवाडी
वयोगट: 3 ते 6 वर्षं
काळ: जानेवारी ते मार्च 2025

20 जानेवारी, सोमवार

भिंतीवरचा रंगांचा तक्ता आज उतरवून कपाटात ठेवला. मुलांना तो पाठ आहे. वरून खाली बोट फिरवलं की लाल, पिवळा, निळा, हिरवा असं सुरात म्हणतात. मधल्याच एखाद्या रंगावर बोट ठेवलं की मात्र पुन्हा पहिल्यापासून म्हणत म्हणत तिथवर यावं लागतं. पाठ झाली आहे ती ओळ. रंग अजून व्हायचे आहेत. होळीपर्यंत हाच विषय लावून धरायचा आणि तोंडापेक्षा हाताने शिकवायचा, असं मावशींच्या (आमच्या मदतनीस) आणि माझ्या बोलण्यात ठरलं.

पालकांची तक्रार ठरलेली असते: चार वर्षांचा झाला तरी अजून रंग ओळखत नाही. खरं तर साधारण चार महिन्यांच्या बाळालाही रंगारंगांतला फरक चांगला दिसतो. नाव पक्कं बसायला मात्र तिसरं-चौथं वर्ष उजाडतं, आणि त्यात काळजीचं काही नाही. 'चेंडू' म्हटलं की एक वस्तू दाखवता येते. 'लाल' तसा कुठे एका जागी सापडत नाही. तो चेंडूवर असतो, टोमॅटोवर असतो, आईच्या कुंकवात असतो, एसटीवर असतो. या सगळ्यांत सारखं काय आहे ते मुलाला स्वतःलाच वेचून काढावं लागतं. ते वेचायला वेळ आणि भरपूर वस्तू दिल्या पाहिजेत.

रीत जुनीच घेतली आहे. फ्रेंच डॉक्टर एदुआर सेगँ यांनी सांगितलेल्या आणि पुढे मारिया माँटेसोरींनी बालशिक्षणात रुजवलेल्या तीन पायऱ्या: आधी 'हे लाल' असं सांगायचं, मग 'मला लाल दे' असं मागायचं, आणि अगदी शेवटी 'हा कोणता?' असं विचारायचं. घरी पाहुणे आले की आपण मुलाला थेट तिसऱ्या पायरीवर उभं करतो. मी पहिल्या पायरीच्याही आधी एक पायरी धरली आहे: कसलंही नाव न घेता सारख्याशी सारखं लावणं.

21 जानेवारी, मंगळवार

साहित्याची जमवाजमव.

माँटेसोरी साहित्यात रंगपट्ट्यांच्या तीन पेट्या असतात. पहिलीत लाल, पिवळा, निळा यांच्या फक्त तीन जोड्या. दुसरीत अकरा रंगांच्या जोड्या. तिसरीत नऊ रंग आणि प्रत्येकाच्या गडदापासून फिक्यापर्यंत सात छटा, म्हणजे एकूण 63 पट्ट्या. आधी एकमेकांपासून अगदी वेगळे रंग, मग शेजारशेजारचे, मग एकाच रंगाच्या पोटातले. हा क्रम मी जसाच्या तसा घेतला आहे. पेटी विकत घ्यायची मात्र गरज नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा महागड्या साहित्याच्या जागी शंख-शिंपले, खडे, पानं, बिया असं आजूबाजूलाच मिळणारं साहित्य मुलांच्या हातात दिलं. आमच्या कामाची वाट तिथूनच आलेली आहे.

गावातल्या शिंपीदादांनी पोतंभर चिंध्या दिल्या. मी निवडून घेतल्या त्या अशा: लाल सुती, लाल मखमल, लाल खण, लाल जाळीचं कापड; तसंच पिवळ्याचं, निळ्याचं. एकाच रंगाचे वेगवेगळे पोत हवेत. लाल तेवढं मखमली आणि पिवळं तेवढं सुती असं ठेवलं, तर मूल हाताने फरक ओळखून चिंध्या बरोबर लावेल आणि आपण समजू की रंग आला.

कोळपणीचा मोडका फणा, डब्यांची झाकणं, लोकरीचे गुंडे, बांगड्यांचे प्लास्टिकचे सेट असंही बरंच काही आलं. फणा परत केला. साडेतीन वर्षांच्या आतल्या मुलांसमोर मणी, चिंचोके, हरभरे, वाटाणे ठेवायचे नाहीत, हा नियम पक्का. असल्या बारीक वस्तू तोंडात जातात, नाकात जातात, आणि नाकात गेलेला हरभरा ओलाव्याने फुगतो. पाण्याच्या बाटलीची झाकणंसुद्धा बाजूला काढली आणि बरण्यांची मोठी झाकणं ठेवली.

एक आजी ओच्यात बांधून गुंजा घेऊन आल्या. लालभडक, वर काळा ठिपका, मुलांना कुणालाही मोहात पाडतील अशा. त्यांना घरात बसवून चहा दिला आणि गुंजा कागदाच्या पुडीत बांधून वरच्या कपाटात ठेवल्या. गुंजेची बी विषारी असते, चावून फोडली गेली तर जिवावर बेतू शकतं. एरंडाच्या बियांचंही तेच. आजींना हे माहीत होतं. 'आमी सोनाराकडं वजनाला बगितल्यात गं, पोरांच्या हातात कवा देत न्हवतो' असं त्याच म्हणाल्या. मग त्यांनीच उद्या परसातला झेंडू आणून द्यायचं कबूल केलं.

मोबाइलवरच्या व्हिडिओंमध्ये रंगवलेल्या तांदळाचा खेळ फार दिसतो. पसाभर रंगीत तांदळात हात घालून खेळायला मजा येते, हे खरं. पण ज्या खोलीत दुपारी ताटात खिचडी वाढतो आणि 'सांडू नका' म्हणतो, त्याच खोलीत सकाळी तांदूळ उधळायला द्यायचे हे मला पटत नाही. आपण सुताराच्या वखारीतला भुसा घेऊ. चाळून, उन्हात वाळवून, खाण्याच्या रंगाचं पाणी शिंपडून पुन्हा वाळवला की हाताला तितकाच छान लागतो. थोडा दमट ठेवायचा, म्हणजे धूळ नाकात जात नाही.

23 जानेवारी, गुरुवार

सतरंजीवर तीन परड्या. प्रत्येकीत एकेक चिंधी ठेवली आणि काही न बोलता मी एक लाल चिंधी लालच्या परडीत टाकली. एवढंच. मुलं लगेच कामाला लागली.

पहिल्यांदा झालं ते अपेक्षित होतं: मखमलीचे सगळे तुकडे एका परडीत. मुलं ते गालाला लावून बघत होती. त्यांना कुणी अडवलं नाही. थोड्या वेळाने एका बोलक्या मुलीने लाल मखमल उचलून लाल खणाशेजारी धरली, दोन्हीकडे मान वळवून पाहिलं आणि मखमलीच्या ढिगातून पिवळी ओढून बाहेर काढली. तिने एक शब्द उच्चारला नाही. तिच्या शेजारच्याने ते पाहून निळी काढली. मग बाकीच्यांनाही खेळ कळला. सांगून हे इतक्या लवकर झालं नसतं.

लहान गटातल्या काहींना परड्यांत रस नव्हता, चिंध्या डोक्यावर घ्यायच्या होत्या. घेऊ दिल्या.

मळ्याच्या वस्तीवरून येणारा एक मुलगा आहे, साडेचार वर्षांचा. हाताने फार हुशार. तिन्ही परड्या सगळ्यांत आधी त्यानेच बिनचूक लावल्या. पुढचा डाव म्हणून हिरव्या आणि तपकिरी चिंध्या दिल्या, तेव्हा त्याने दोन्ही एकत्रच ठेवल्या. नोंद करून ठेवते.

29 जानेवारी, बुधवार

आजपासून नावं. आणि नावं घ्यायला लागल्याबरोबर आपल्या भाषेतली एक अडचण समोर आली. पिवळा फुगा, पिवळी परडी, पिवळं फूल, पिवळ्या चिंध्या. तीन वर्षांचं मूल एका रंगाला इतकी रूपं ऐकतं. लालला ही भानगड नाही, लाल सगळीकडे लालच राहतो. मुलांच्या तोंडी तो आधी बसतो त्याला हेही एक कारण असावं असं मला वाटतं. म्हणून पहिल्या आठवड्यात मी आणि मावशी एकच ठेका धरणार: 'पिवळा रंग'. परडीचा पिवळा रंग, फुलाचा पिवळा रंग. बोलायला जरा अवघड वाटतं, पण मुलांना सोपं जातं.

दुसरी गोष्ट वाक्याच्या क्रमाची. 'लाल झाकण घे' म्हटलं की मूल 'झाकण' ऐकतं आणि हाताला येईल ते उचलतं. 'झाकण घे, लाल असलेलं' म्हटलं की आधी झाकणांकडे बघतं आणि मग त्यांतून निवडतं. रंगाचं नाव वस्तूच्या मागून आलं की मुलांना रंग लवकर शिकता येतात असं परदेशातल्या अभ्यासातही दिसलेलं आहे. दोन्ही तऱ्हेने मागून पाहिलं. दुसऱ्या तऱ्हेने आमच्याही मुलांचा हात थांबून, बघून, मग पुढे गेला.

4 फेब्रुवारी, मंगळवार

हळदीच्या रानात. आज वर्ग तिथेच.

सध्या गावात काढणी जोरात आहे. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या मुलांना ती घरातली गोष्ट आहे: अंगणात काहील चढलेली, कुणाच्या दारात शिजवलेली हळद वाळत पडलेली. ज्या शेतमालकांनी बोलावलं, त्यांनी एक सरी मुलांसाठी ठेवली होती. पाला आधीच कापलेला. मुलांनी मातीत हात घालून गड्डे उपसले.

माती लागलेला गड्डा बाहेरून तपकिरी, खडबडीत, कुणी म्हणेल आलं आहे. मालकीणबाईंनी एकेक ओलं हळकुंड मोडून प्रत्येकाच्या हातात दिलं. मोडल्याचा 'कट' असा आवाज, आणि आत एकदम केशरीकडे झुकणारा पिवळा. मुलं गप्पच झाली. मग एकाने ते मनगटावर घासलं आणि सगळ्यांना रस्ता सापडला. हात, पाय, गाल, माझी साडी. वास घेतला, जीभ लावून तोंडं वाकडी केली. 'बाई, माझा हात हळद झाला' असं सगळ्यांत लहान मुलगी म्हणाली.

रंग या वेळी कुणी विचारला नाही. पण परत येताना वाटेत फुललेला झेंडू दिसला आणि मागून कुणीतरी ओरडलं, 'ते बी हळदीचं हाय!' रस्त्याकडेच्या पिवळ्या पाटीलाही तेच म्हणाले. हळदीवरून त्यांनी रंग उचलला आणि दुसरीकडे नेऊन लावला. पिवळा हे नाव अजून सगळ्यांना येत नाही. पिवळा मात्र आला आहे.

5 फेब्रुवारी, बुधवार

काल रानातून आल्यावर पाण्याने हात धुतले, पण रंग गेला नव्हता. आज मावशींनी कपडे धुण्याच्या साबणाची वडी दगडावर ठेवली आणि मुलांना ओट्यावर रांगेत उभं केलं. पुढे काय होणार हे आम्हा दोघींना माहीत होतं, मुलांना नव्हतं.

वस्तीवरच्या मुलाने तळवे वडीवर घासले. पिवळे तळवे बघता बघता तांबडे झाले. त्याने हात झटकले, मागे लपवले, पुन्हा पुढे घेऊन पाहिले. बाकीच्यांनी गर्दी केली. 'लागलं व्हय रं?' असं एकीने काळजीने विचारलं, तिला ते रक्त वाटलं. मावशींनी लगेच लिंबाची फोड त्याच्या तळव्यावर पिळली आणि लाल जिथे होतं तिथे ओघळाओघळाने पिवळं परत आलं.

यानंतर दुसरं काही शिकवायचं ठेवलंच नव्हतं. पांढऱ्या फडक्याचे तुकडे हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवले आणि वाट्यांत साबणाचं पाणी, लिंबाचं पाणी, साधं पाणी दिलं. बोट बुडवायचं आणि फडक्यावर ठिपका द्यायचा. साबणाच्या पाण्याने लाल, लिंबाने परत पिवळा. मुलं तास-दीड तास हलली नाहीत. 'लाल झालं', 'पिवळं झालं', 'परत लाल कर की' अशी रंगांची नावं आज आपोआप, न विचारता, कामाच्या ओघात तोंडातून येत होती. आठवडाभर सांगून जे झालं नाही ते इथे झालं. कारण इथे त्या नावाची गरज पडली.

कारण साधं आहे. हळदीतलं रंगद्रव्य अल्कधर्मी पदार्थ लागला की तांबडं होतं आणि आंबट लागलं की पुन्हा पिवळं होतं. हळदीला चुना लावून कुंकू करण्याची जुनी रीत यावरच आहे. पण चुना मुलांच्या जवळपासही आणायचा नाही, डोळ्यात गेला तर इजा होते. साबण किंवा खायचा सोडा पुरतो. हात धुण्याचे हल्लीचे पातळ साबण फारसे अल्कधर्मी नसतात, त्यांनी रंग नीट पालटत नाही. धुण्याची वडी घ्यावी. डोळे चोळू द्यायचे नाहीत आणि शेवटी साध्या पाण्याने हात स्वच्छ करायचे, एवढं सांभाळलं की झालं.

संध्याकाळी दोन आया फ्रॉकवरच्या डागांबद्दल बोलायला आल्या. त्यांचं बरोबरच आहे, एकच चांगला फ्रॉक असतो. धुवून ओलाच कडक उन्हात घालायला सांगितलं. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. पुढच्या वेळी रंगाच्या दिवसाचा निरोप आदल्या दिवशी द्यायचा आणि जुने कपडे घालून पाठवायला सांगायचं.

11 फेब्रुवारी, मंगळवार

निळा शोधायला निघालो. प्रत्येकाच्या हातात निळी चिंधी, ती वस्तूला लावून बघायची.

लाल, पिवळा, हिरवा आमच्या गावात पावलोपावली. निळा मिळायला मात्र वेळ लागला. ताडपत्री निळी, पाण्याची टाकी काळी, पिंप निळं, दुधाच्या गाडीची पट्टी निळी. एवढं सगळं माणसाने केलेलं. झाडापानांत निळं काही आहे का, असं मी विचारलं. तिथे मुलंही थांबली आणि मीही. अखेर देवळामागच्या कुंपणावर गोकर्ण सापडली, तिला चार-पाचच फुलं. पुजारीकाकांनी तोडू दिली. आणि आभाळ. आभाळाला चिंधी लावायला सगळ्यांत उंच मुलाला मावशींनी कडेवर घेतलं. चिंधी गडद, आभाळ फिकं. 'हे पाणी घातलेलं निळं हाय' असा त्याने निकाल दिला. छटांचा धडा मी पुढच्या महिन्यात घेणार होते.

फुलं कोमट पाण्यात टाकली, पाणी निळं झालं. लिंबाचे थेंब पडले तसं जांभळं आणि मग गुलाबी. हळदीच्या अनुभवामुळे मुलं आता लिंब दिसलं की ओट्याजवळ गोळा होतात.

18 फेब्रुवारी, मंगळवार

दोन बाटल्या. एकीत पाणी आणि हळद, दुसरीत गोडेतेल आणि हळद. झाकणं चिकटवून टाकली. हलवून ठेवायच्या आणि बघायचं. पाण्यातली हळद खाली बसते आणि तेलातली तेलालाच रंगवते. तेलाच्या बाटलीतून पलीकडे बघायला मुलांना फार आवडलं, सगळं गाव पिवळं दिसतं म्हणाली. पुढच्या खेपेला खिडकीला जिलेटिनचे कागद लावायचे.

21 फेब्रुवारी, शुक्रवार

वस्तीवरच्या मुलाबद्दल. गेले काही दिवस मी फक्त बघत होते, त्याला काही जाणवू दिलं नाही.

तपकिरी आणि हिरवं तो अजूनही एकत्र ठेवतो. जांभळं निळ्यात जातं. फिकं गुलाबी आणि राखाडी यांत त्याला काहीच फरक दिसत नाही असं वाटतं. काल अंगणात जास्वंदीची फुलं तोडताना इतर मुलं लांबूनच फुलाकडे धावत होती, तो मात्र झुडपाजवळ जाऊन फूल आकारावरून हुडकत होता. पिवळं आणि निळं मात्र कधीच चुकत नाही. आणि नावं? नावं त्याला सगळ्यांपेक्षा जास्त येतात! गवत हिरवं, माती तपकिरी, जांभूळ जांभळं, हे सगळं त्याने ऐकून पाठ केलेलं आहे. वस्तू ओळखली की रंग सांगतो. तक्त्यासमोर उभं करून 'हा कोणता?' विचारलं असतं तर तो पहिला आला असता आणि हे कधी कळलंच नसतं. वस्तू नसलेला नुसता रंग, चिंधी किंवा भुसा, त्याच्यासमोर आला तेव्हाच हे उघडं पडलं.

एवढ्यावरून मी काही ठरवणार नाही. पण घरच्यांशी बोलायला हवं.

25 फेब्रुवारी, मंगळवार

त्याची आई संध्याकाळी आली. मी आधी त्याची हुशारी सांगितली, जी खरीच आहे, आणि मग चिंध्या तिच्यासमोर मांडून त्याला लावायला दिल्या. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, 'बाई, माझा भाऊ बी असाच हाय. टमाटं पिकलं का न्हाई ते दाबून बगतो. घरात समदी हसत्यात त्याला.'

मामाचं नाव निघालं तसं मला बरंच उलगडलं. लाल-हिरव्यातला हा गोंधळ जन्मजात असतो आणि त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलग्याला एकच एक्स मिळतो, तोही आईकडून. आईला स्वतःला सगळे रंग नीट दिसतात, पण तिच्याकडून तो दोष मुलाकडे येऊ शकतो, म्हणून मामा-भाच्यांत तो बरेचदा सापडतो. मुलींत फार कमी. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारातल्या एकाला तो असतो. आपल्याकडे प्रमाण त्याहून कमी आढळलं आहे, तरी फार दुर्मीळ म्हणावं असंही नाही. तो वाढत नाही, त्याने दृष्टी जात नाही आणि त्याच्यावर औषधही नाही. आईला यातलं जेवढं साध्या शब्दांत सांगता आलं तेवढं सांगितलं. 'तुमच्यामुळं' हा शब्द तोंडातून येणार नाही याची काळजी घेतली.

4 मार्च, मंगळवार

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आज आलं. हे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी करतं. वजन, उंची, दात, कान सगळं झाल्यावर मी माझी वही डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी नोंदी शांतपणे वाचल्या आणि रंगदृष्टीच्या तपासणीसाठी चिठ्ठी लिहून दिली.

7 मार्च, शुक्रवार

रुग्णालयात त्याच्या आईसोबत गेले. तपासणी ठिपक्यांच्या चित्रांवर होते. जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी 1917 साली प्रसिद्ध केलेली ही चित्रं आजही वापरतात. मोठ्यांना त्यांत आकडे वाचायचे असतात. आकडे न येणाऱ्यांसाठी काही पानांवर ठिपक्यांतून गेलेली नागमोडी वाट असते, तिच्यावरून बोट किंवा कुंचला फिरवायचा. पहिल्या पानावर त्याचं बोट सरसर गेलं. पुढच्या पानावर अर्ध्यावर थांबलं, बाजूला वळलं, पुन्हा सुरुवातीला आलं. मग त्याने आईकडे पाहून सांगितलं, 'हितं वाटच न्हाई.' त्याला खरंच दिसत नव्हती.

डॉक्टरांनी लाल-हिरव्यातला दोष असल्याचं सांगितलं. मोठा झाल्यावर पुन्हा सविस्तर तपासून घ्या म्हणाले. बाकी डोळे उत्तम आहेत.

परत येताना आईने विचारलं, शाळेत काय करायचं? ते आमचं काम. खडूंच्या वेष्टनावर खुणा करायच्या: लालला गोल, हिरव्याला पान, तपकिरीला चौकोन, जांभळ्याला त्रिकोण. त्या खुणा सगळ्याच मुलांच्या खडूंवर असतील, एकट्याच्या नव्हे. फळ्यावर लाल-हिरव्याची जोडी टाळायची. आणि पहिलीच्या बाईंना हे लिहून द्यायचं, कारण गणिताच्या पुस्तकात 'लाल फुगे मोजा' असं येणारच आणि तिथे चूक झाली तर ती मोजण्यातली नसेल.

12 मार्च, बुधवार

माळावरचा पळस फुलला आहे. झाडाखाली पडलेलीच फुलं वेचली. पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वळलेली, बाहेरून मखमली. वस्तीवरच्या मुलाने सगळ्यांत जास्त गोळा केली. ती त्याला हाताला कळतात. रात्रभर पाण्यात भिजत घालून उद्या मावशी उकळून, गाळून ठेवतील.

18 मार्च, मंगळवार

उद्या रंगपंचमी, आम्ही आज खेळलो. पळसाचं केशरी पाणी, बिटाचं गुलाबी, हळदीचं पिवळं आणि पालक वाटून गाळलेलं हिरवं. बाजारातला एकही रंग नव्हता. तीन घमेली मधोमध ठेवली आणि सांगितलं, हवं ते मिसळा. बीट आणि हळद मिसळून तांबूस, पालक आणि हळद मिसळून पोपटी झालं. सगळं एकत्र ओतल्यावर शेवटी चिखलाचा रंग होतो, तेही एकदा होऊ दिलं. 'आता ह्यातनं लाल परत काढा' अशी बोलक्या मुलीने मागणी केली. साबण आणि लिंबाने तो निघत नाही हे तिने स्वतः करून पाहिलं आणि मग पुन्हा पहिल्यापासून नवीन पाणी मागितलं.

26 मार्च, बुधवार

पालक सभा झाली. दर वेळी आम्ही मुलांना पुढे बोलावून रंग विचारतो. या वेळी पालकांनाच सतरंजीवर बसवलं, चिंध्या आणि परड्या दिल्या आणि मुलांना त्यांच्याशेजारी. आधी संकोच होता. मग एका बाबांनी एक चिंधी उचलून हिरव्यात टाकली, त्यांच्या मुलीने ती काढून निळ्यात टाकली, आणि दोघांचा वाद सुरू झाला. चिंधी मोरपंखी होती. इतर पालकही वादात उतरले. मी मध्ये पडले नाही. शेवटी मुलीनेच मधोमध एक नवी परडी ठेवली.

वस्तीवरच्या मुलाचे मामाही आले होते. सभा संपल्यावर थांबले आणि खुणांचा खडू हातात घेऊन बराच वेळ बघत होते. त्यांना लहानपणी चित्राच्या तासाला मार बसलेला, असं त्यांनी सांगितलं. पानाची खूण असलेला एक खडू मी त्यांना देऊ केला, तर म्हणाले, 'मला नको, त्याला आख्खा डबा द्या.'

मुलांच्या वैयक्तिक नोंदी पूर्ण केल्या. लहान गटातली बरीच मुलं सारख्याला सारखं लावतात आणि मागितलेला रंग देतात. नाव घ्यायला त्यांना पुढचं वर्ष आहे, घाई नाही. मोठ्या गटात जांभळा आणि नारिंगी अजून डळमळतात.

पुढच्या वर्षासाठी: कुंपणाला गोकर्णीचे वेल जूनमध्ये लावायचे, बी देवळामागून मिळेल. छटांसाठी शिंपीदादांकडून एकाच रंगाच्या गडद-फिक्या चिंध्या आतापासून जमवायच्या. साबणाच्या खेळाला धुण्याची वडीच आणायची. तक्ता पुन्हा लावायचा की नाही ते मुलांना विचारून ठरवू.